पार्श्वभूमी : उन्हावर फिरणारी भिंगरी आणि बॅटरीचा घोळ

प्रकाशातून वीज निघते हे १८३९ पासून माहीत होतं, आणि कामाचा सिलिकॉन सौरसेल आला १९५४ मध्ये. तीनच वर्षांनी अमेरिकेतल्या एका डिझायनर जोडप्याने रंगीत चक्रं फिरवणारं, बाकी काहीच न करणारं सौरयंत्र बनवलं. पण सेल तेव्हा फार महाग. घरबसल्या असं काही करणं हौशी माणसाला जमू लागलं ते नव्वदच्या दशकात. कॅल्क्युलेटरचा सौरसेल, टेपरेकॉर्डरची मोटर, विजेची वाट उघडबंद करणारे दोन ट्रान्झिस्टर, थोडी वीज साठवणारा एक कपॅसिटर. कपॅसिटर भरेपर्यंत सगळं गप्प. भरला की मोटर एक गिरकी घेते आणि पुन्हा गप्प. याचं नाव सोलर इंजिन.

नागपुरात अशा भिंगरीच्या सांगाड्याची अडचण नव्हतीच. मारबत-बडग्यांच्या मिरवणुकीतल्या पुतळ्यांसाठी कामट्या बांधणारे हात इथे पिढ्यान्पिढ्या आहेत. पुढे पॅनल स्वस्त झाली, बागेतले बंद पडलेले सौर दिवे भंगारात येऊ लागले, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. त्या दिव्यात पॅनलसोबत १.२ व्होल्टचा रिचार्जेबल सेलही असतो. तो ठेवायचा की काढायचा?

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर. दुपारी दोनला ऊन ऐन भरात, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. जो दिसतो तो दुपट्ट्यात तोंड गुंडाळून घर गाठत असतो. लोक बाहेर पडतात दिवस मावळताना, तेव्हा भिंगरी थंड. म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांना बॅटरी हवी असते, आणि त्यांचं चूक म्हणता येत नाही. मात्र दिवसभर चार्ज होऊन रात्री लुकलुकणारी दिव्यांची माळ आणि ढग आला की थबकणारी भिंगरी, दोन्हींना 'सौर कलाकृती' म्हटलं जातं. माळेला कुणी दिवा म्हटलं तर काय बिघडतं? भिंगरी अडली की बघणारा मान वर करून आभाळाकडे बघतो. माळेपाशी तसं होत नाही.

कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हेही इथे खरं ठरत नाही. पॅनलवर छापलेले वॅट हे त्यातले सेल २५ अंशांवर असतानाचे. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट. पत्र्यावर ७० अंशांपर्यंत तापलेलं पॅनल १८ टक्के गमावून बसतं. पॅनलखाली चार बोटं जागा सोडून वारा खेळू दिला की फरक पडतो. ग्लू गनचा सांधाही मेमध्ये मऊ होतो. माझ्या गच्चीवरच्या मोटरीने दोनदा मान टाकली, आता ती सुतळीने आवळलेली आहे.

अलीकडे मधला मार्ग म्हणून सुपरकपॅसिटर, म्हणजे बरीच जास्त वीज साठवणारा कपॅसिटर, वापरतात. एक फॅरडचा (फॅरड हे साठवणक्षमतेचं माप), ५.५ व्होल्टचा असला तर ऊन गेल्यावर एखादा एलईडी काही मिनिटं तग धरतो. ही बॅटरीच झाली, असं बॅटरी नकोच म्हणणारी कट्टर मंडळी म्हणतात. सोलर इंजिनातला कपॅसिटरही वीज साठवतोच की, फक्त काही सेकंदांपुरती, असं त्यांना सुनावलं जातं. किती मिनिटांनंतर साठवण म्हणायचं, यावर गाडी अडलेली आहे.