मिश्र जैवपटल (फुफ्फुसांतील)

जिवाणू आणि बुरशी यांनी मिळून श्वासनलिकांच्या अस्तरावर किंवा साचलेल्या कफात केलेली, स्वतःच स्रवलेल्या चिकट पदार्थात गुरफटलेली वसाहत. यालाच मिश्र बायोफिल्म म्हणतात. शर्करा, प्रथिने आणि पेशींबाहेर आलेला डीएनए यांचा हा लगदा असतो. जिथे कफ बाहेर पडत नाही तिथे तो जमतो: कफ जन्मतःच घट्ट-चिकट बनवणारा सिस्टिक फायब्रोसिस, श्वासनलिका कायमच्या रुंदावणारा ब्राँकिएक्टेसिस, क्षयाने फुफ्फुसात पडलेली पोकळी. व्हेंटिलेटरच्या नळीवरही तो धरतो.

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू आणि ॲस्परजिलस फ्युमिगॅटस ही बुरशी ही सर्वाधिक अभ्यासलेली जोडी. त्यांच्यात नुसते हाडवैर आहे असे मानणे चुकीचे. स्यूडोमोनास पायोसायनिन हे निळसर-हिरवे फेनाझिन (जिवाणूने बनवलेले रंगद्रव्य) स्रवतो. फेनाझिने भरपूर असली की बुरशीची वाढ खुंटते. अत्यल्प असली तर तीच लोहाला बुरशीला शोषता येईल अशा रूपात आणतात आणि बुरशी फोफावते. खरी ओढाताण लोहासाठीच असते. स्यूडोमोनासचे पायोव्हर्डिन लोह पळवते, तर ॲस्परजिलस आपली लोहग्राही संयुगे सोडते. या जिवाणूतून निघणाऱ्या डायमिथाइल सल्फाइडसारख्या वायूंनीही बुरशी वाढते, म्हणजे दोघांचा स्पर्श व्हायलाच हवा असे नाही.

कँडिडा अल्बिकन्स या दुसऱ्या बुरशीची तऱ्हा निराळी. स्यूडोमोनास तिच्या तंतूंना चिकटून त्यांना मारतो, गोल यीस्ट पेशींना मात्र हात लावत नाही, असे 2002 साली दाखवण्यात आले. उलट कँडिडाने स्रवलेले फार्नेसॉल हे संयुग पायोसायनिनची निर्मिती घटवते. कफात कँडिडा सापडली तरी ती बहुधा तोंडातली असते. तेवढ्यावरून न्यूमोनिया तिच्यामुळेच झाला असे ठरत नाही.

ॲस्परजिलस कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर जगते आणि 50 अंश सेल्सिअसची ऊबही सोसते. बेळगाव, चिकोडी, खानापूरकडच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळामागची भिजलेली चिपाडे, शेणखताचा खड्डा, निपाणीकडे पावसाळ्यात दमट राहिलेला तंबाखू, या साऱ्यांवर ती वाढू शकते. रास फावड्याने उकरली की राखट-हिरवी धूळ उठते, तीत 2 ते 3 मायक्रोमीटरचे बीजाणू असू शकतात. धडधाकट फुफ्फुस ते सहज निपटते; जुन्या क्षयाची पोकळी असलेल्याने नाकातोंडाला फडके बांधून भागत नाही, ते काम दुसऱ्याला सांगणेच बरे.

तपासणीला सकाळी खोलवरून खोकून काढलेला बेडका लागतो, लाळ नव्हे. थाळीत जिवाणू भराभर वाढून संथ बुरशीला झाकून टाकतात, म्हणून बुरशीसाठी वेगळे कल्चर हवे असल्याचे चिठ्ठीवर लिहावे लागते. सीमाभागातला रुग्ण कधी बेळगाव, कधी मिरज, कधी कोल्हापूर गाठतो. अशा वेळी जुने अहवाल सोबत असले तर एका ठिकाणी सापडलेला जिवाणू आणि दुसरीकडे सापडलेली बुरशी एकत्र पाहता येते.

उपचारातली मुख्य अडचण थराचीच. टोब्रामायसिनसारखे प्रतिजैविक त्या लगद्यातच अडकते आणि आतल्या पेशींपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. बुरशीवर इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल महिनोन्‌महिने द्यावे लागते. जुन्या पोकळीतल्या बुरशीमुळेही थुंकीतून रक्त पडू शकते; पण रक्त दिसले की क्षय उलटला असे समजून पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू होण्याचा धोका असतो. त्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे या दोन्ही बुरशीनाशकांची रक्तातली पातळी कोसळते.