मॉडेल लहान करता येतं, हवा लहान करता येत नाही

मोठं रेडिओ कंट्रोल ग्लायडर पहिल्यांदा जवळून बघणारा माणूस दोनच प्रश्न विचारतो. इंजिन नाही तर हे वर कसं राहतं, हा पहिला. आणि मग उचलून बघितल्यावर, पंख साडेपाच मीटर आणि वजन पंधरा किलो कळल्यावर, दुसरा: "हलकं केलं असतं तर जास्त लांब गेलं असतं ना?" पहिल्याचं उत्तर दोन वाक्यांत होतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र फार सुंदर आहे, आणि ते उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

पहिला प्रश्न आधी संपवू. ग्लायडर कायम खालीच येत असतं, हवेच्या तुलनेत. फक्त ती हवाच वर जात असेल, टेकडीवर आपटून किंवा तापलेल्या जमिनीवरून थर्मल, म्हणजे गरम हवेचा झोत, सुटून, आणि ती ग्लायडरच्या खाली येण्यापेक्षा जास्त वेगाने वर जात असेल तर ग्लायडर वर चढतं. बस. यात फुकटची ऊर्जा वगैरे काही नाही. २०२१ मध्ये स्पेन्सर लिसेनबी या अमेरिकन पायलटने इंजिन नसलेलं मॉडेल ताशी ८८२ किलोमीटर वेगाने उडवलं, आणि असले व्हिडिओ लगेच "विज्ञानाला न समजलेली शक्ती" म्हणून फिरायला लागतात. ते चुकीचं आहे. टेकडीमागची शांत हवा आणि तिच्या वरचा जोराचा वारा यांच्या वेगातल्या फरकातून ती ऊर्जा येते, आणि वाऱ्याच्या अशा फरकातून पक्षी ऊर्जा कशी काढू शकतात हे लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलंय.

आता वजन. ग्लायडर उतारावरून इंजिन बंद करून सोडलेल्या गाडीसारखं असतं, फक्त उतार किती तिरपा हे ते स्वतः ठरवतं. हा उतार ठरतो लिफ्ट (हवा पंखाला वर उचलते तो जोर) आणि ड्रॅग (हवा मागे ओढते तो जोर) यांच्या गुणोत्तराने. एएसके २१ नावाचं दोन सीटचं खरं ग्लायडर आहे, पंख १७ मीटर, त्याचं हे गुणोत्तर साधारण ३४, म्हणजे एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत ३४ किलोमीटर लांब जाणार. वजन वाढवलं तर काय होतं? जास्त लिफ्ट लागते, त्यासाठी जास्त वेग लागतो, वेग वाढला की ड्रॅगही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे गुणोत्तर तेच राहिलं. उतार तोच, फक्त त्याच उतारावरून जरा जोरात घरंगळायचं. वजन चौपट केलं तर वेग दुप्पट. म्हणून तर स्पर्धेतली खरी ग्लायडरं पंखात शंभर-दीडशे लिटर पाणी भरून उडतात, आणि आम्ही मॉडेलवाले पंखात पितळी किंवा लोखंडी कांड्या सरकवतो. कमजोर थर्मलमध्ये वजन नडतं हे खरं, कारण खाली येण्याचा वेगही वाढतो, पण "जड म्हणजे लवकर पडणार, लांब जाणार नाही" हे चूक.

मग प्रश्न असा पडतो की उतार फक्त आकारावर, म्हणजे शेपवर ठरत असेल, तर त्याच एएसके २१ ची एकास दहा प्रमाणात हुबेहूब प्रतिकृती केली, १.७ मीटर पंखांची, एक रेष इकडची तिकडे नाही, तर तिलाही ३४ मिळायला पाहिजे. मिळत नाही. ती त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. एकास सहाची थोडी बरी उडते, एकास तीनची एवढी छान की लांबून बघणाऱ्याला खरंच वाटावं. शेप तोच, मग बदललं काय?

हवा बदलली. किंवा खरं म्हणजे हवा बदलली नाही, हीच अडचण आहे. आपण पंख लहान केला, शेपटी लहान केली, हवा मात्र तेवढीच चिकट राहिली. हवेला चिकटपणा असतो, थोडा असतो पण असतो, आणि वाहत्या हवेचा स्वतःचा जोर विरुद्ध हा चिकटपणा, यातलं कोण किती भारी आहे ते सांगणारा एक आकडा आहे, रेनॉल्ड्स नंबर. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून बघितलं की वेग कमी असताना धार सरळ दोऱ्यासारखी राहते आणि एका मर्यादेनंतर विस्कटते. सालही १८८३ च, रॅलेंचंच वर्ष, हा योगायोग मला फार आवडतो.

पंखासाठी हा आकडा काढणं सोपं आहे. वेग मीटर प्रति सेकंदात, पंखाची पुढून मागे रुंदी मीटरमध्ये (आम्ही तिला कॉर्ड म्हणतो), दोघांचा गुणाकार, आणि त्याला ७० हजाराने गुणायचं. खऱ्या एएसके २१ चा वेग २५ मीटर प्रति सेकंद, सरासरी कॉर्ड १.०६ मीटर, म्हणजे साधारण १८ लाख. आता एकास तीन करा. कॉर्ड तिसरा हिस्सा. वजन सगळ्या बाजूंनी कमी होतं म्हणून २७ वा हिस्सा, पंखाचं क्षेत्रफळ मात्र ९ वा हिस्सा, म्हणजे दर चौरस मीटरवर येणारा भार तिसरा हिस्सा, आणि वेग भाराच्या वर्गमुळाप्रमाणे जातो म्हणून तो १.७३ पट कमी, साधारण साडेचौदा. गुणाकार करा, साडेतीन लाख. एकास सहाला सव्वा लाख. एकास दहाला साठ हजाराच्याही खाली. म्हणजे मॉडेल दहा पट लहान झालं पण आकडा तीस पटीहून जास्त घसरला, आणि हे झालं सरासरी कॉर्डचं, टोकाला पंख निमुळता होत जातो तिथे आकडा अजून निम्म्यावर येतो.

आणि साठ हजार हा आकडा वाईट आहे. जर्मनीत एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विंड टनेलमध्ये खास मॉडेलच्या मापाचे पंख तपासले, तेव्हा त्यांना दिसलं की नेहमीच्या जाड एअरफॉइलची (पंख आडवा कापला की दिसणारा आकार) लिफ्ट एका विशिष्ट रेनॉल्ड्स नंबरच्या खाली हळूहळू कमी होत नाही, एकदम कोसळते, आणि ड्रॅग उडी मारतो. साध्या वाकवलेल्या पातळ पट्टीचं मात्र तसं काही होत नाही. जाड गुळगुळीत पंखापेक्षा वाकवलेला पत्रा बरा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान तीनदा वाचलं होतं.

असं का होतं ते नीट बघू, कारण मोठ्या मॉडेलमधले आमचे निम्मे बदल यावरच चालतात.

पंखाला अगदी लागून असलेली हवा पंखाला चिकटून थांबलेली असते. तिच्या वरचा थर थोडा सरकतो, त्याच्या वरचा थोडा जास्त, असं करत करत एक-दोन मिलिमीटर वर गेलं की पूर्ण वेग. या पातळ थराला बाउंडरी लेयर म्हणतात, लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये ही कल्पना मांडली. पंखाच्या पुढच्या भागात हवा वेग घेत असते, दाब कमी होत असतो, त्यामुळे थर मजेत पुढे जातो. सगळ्यात जाड भाग ओलांडला की उलट सुरू होतं, पुढे दाब वाढत जातो, म्हणजे हवेला चढ लागतो. वरच्या वेगवान हवेकडे जोर असतो, ती चढ चढून जाते. पंखाजवळच्या मंद हवेकडे जोरच शिल्लक नसतो, ती थबकते, मागे फिरते, आणि वरचा सगळा प्रवाह पंख सोडून देतो.

इथे दोन शक्यता. थर जर गडबडीचा असेल, भोवरे घेत घुसळत असेल, तर वरची वेगवान हवा सतत खाली येऊन मंद हवेला ढकलत राहते आणि चढ पार होतो. थर जर शांत असेल, एकावर एक पत्त्यांसारखा सरकणारा, ज्याला लॅमिनार म्हणतात, तर वरून मदत येत नाही आणि तो लवकर सुटतो. शांत थराचं घर्षण कमी असतं, म्हणून तो हवासा वाटतो, पण चढावर तो दुबळा. आता मोठ्या रेनॉल्ड्स नंबरला थर आपोआप वेळेवर घुसळायला लागतो. मधल्या आकड्यांना तो शांत असतानाच सुटतो, पण सुटल्यावर हवेत घुसळतो आणि परत पंखाला येऊन चिकटतो, मध्ये अडकलेल्या हवेचा एक फुगा राहतो, लॅमिनार बबल, त्याने ड्रॅग वाढतो पण चालून जातं. आणि लहान आकड्यांना चिकटपणा ती घुसळण होऊच देत नाही वेळेत, थर सुटतो तो सुटतोच, परत येत नाही, आणि तुमचा सुंदर पंख हवेच्या दृष्टीने एक जाडा ओंडका होतो.

यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो, गुळगुळीत पंख मुद्दाम खडबडीत करायचा. प्रांटल यांनी १९१४ मध्ये गोळ्याच्या पुढच्या बाजूला बारीक तारेचं कडं बसवलं आणि गोळ्याचा ड्रॅग कमी झाला. क्रिकेटचा बॉल स्विंग होतो तो यामुळेच, शिवणीच्या बाजूचा थर शिवणीवर अडखळून घुसळतो म्हणून उशिरा सुटतो, दुसऱ्या गुळगुळीत बाजूचा लवकर सुटतो, आणि बॉल शिवणीच्या बाजूला वळतो. आम्ही पंखावर झिगझॅग कापलेली टेप लावतो, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आत जाडीची, जिथे थर सुटतो त्याच्या जरा आधी. कुठे सुटतो ते शोधायला काळा रंग मिसळलेलं पातळ तेल पंखावर लावून उडवायचं, उतरल्यावर बबलच्या जागी तेल साचून पंखाच्या लांबीभर रेघ उमटलेली दिसते. खरी ग्लायडरंसुद्धा ही टेप वापरतात, आणि डीजी ३०० मध्ये तर टेपऐवजी पंखाखाली बारीक भोकांची रांग आहे, त्यातून हवा फुंकून थराला डिवचतात.

आमचं एकास चारचं मॉडेल लँडिंगच्या वळणात, वेग कमी झाला की, आतल्या पंखाचं टोक अचानक खाली टाकायचं. टोकाचा रेनॉल्ड्स नंबर काढला तर लाखाच्या आसपास आला, आणि हळू वळणात आतला पंख अजूनच हळू. मित्र म्हणाला बाहेरच्या एक तृतीयांश पंखावर टेप लावू. लावली, छान वाटलं, पण छान वाटणं हा पुरावा नाही, पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढलं म्हणणाऱ्यांनाही छानच वाटत असतं. म्हणून आम्ही टेप फक्त डाव्या पंखावर ठेवली, भरपूर उंचीवर नेऊन मुद्दाम स्टॉल केलं (वेग इतका कमी की प्रवाह पंख सोडतो आणि लिफ्ट कोसळते), दहा वेळा. नऊदा उजवा पंख पडला. मग टेप उजवीकडे हलवली. आता डावा पडायला लागला. त्या संध्याकाळी दोन्ही पंखांना टेप लागली ती आजतागायत आहे.

हे कळलं की बाकीचे बदल आपोआप सुचतात. खऱ्या एएसके २१ चा पंख मुळाशी कॉर्डच्या जवळपास २० टक्के जाड आहे, १८ लाखाला तो चालतो, साडेतीन लाखाला तसाच ठेवणं म्हणजे हवेला नको तेवढा उभा चढ देणं, म्हणून मॉडेलमध्ये १३-१४ टक्क्यांचा एअरफॉइल घेतात, बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. टोकाला पंख एक-दोन अंश खाली पिळायचा, म्हणजे टोक शेवटी स्टॉल होतं. आडवी शेपटी थोडी मोठी करायची, कारण तिची कॉर्ड सगळ्यात लहान आणि तिची अवस्था सगळ्यात वाईट. शेपटीत वजन मात्र घालू नये, ती तोलाच्या बिंदूपासून लांब असते, तिथे १० ग्रॅम वाढले की तोल सांभाळायला नाकात त्याच्या तिप्पट-चौपट शिसं भरावं लागतं.

मग सरळ एकास दोनच का करू नये? साडेआठ मीटर पंख, सहा लाखाच्या वर आकडा. करतात काही लोक. पण वजन लांबीच्या घनात वाढतं, पंख वाकवणारा मोमेंट (जोर गुणिले अंतर) चौथ्या घातात, आणि स्पारची, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईची, ताकद घनातच, म्हणजे मॉडेल दुप्पट केलं की स्पारमधला ताणही दुप्पट. फोम कापून वर लाकडी व्हिनिअर लावलेला पंख एका मापापर्यंत पुरतो, पुढे कार्बनच्या जाड पट्ट्या आणि दोन पंख जोडणारा भक्कम जॉइनर लागतो, सर्वोच्या (हलते भाग हलवणारी छोटी मोटर) लिंकेजमध्ये जरा जरी ढिलेपणा राहिला तर वेगात एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) फडफडायला लागून काही सेकंदांत पंख तुटू शकतो, आणि कित्येक देशांत २५ किलोच्या वर गेलं की वेगळी तपासणी आणि परवानगी लागते. म्हणून बहुतेक लोक एकास तीनच्या आसपास थांबतात. तिथे हवा बऱ्यापैकी खऱ्यासारखी वागते आणि दोन माणसं मॉडेल उचलू शकतात.

आमच्या मॉडेलचा रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा मागचा हलता भाग, अजून मधल्या दोन-तीन अंशांत काहीच करत नाही. फिनवरचा (उभ्या शेपटीचा पुढचा स्थिर भाग) थर रडरच्या बिजागरीआधीच सुटत असणार, आणि रडर त्या मेलेल्या हवेत हलत असणार, असा माझा अंदाज आहे. तेल आणि काळा रंग कालवून ठेवलाय, वारा पडला की फिनला फासून उडवणार.