पांढरं धोतर, काळी चंद्रकळा आणि कॅमेऱ्याचा मीटर

फोटोग्राफी शिकायला लागलं की ‘मॅन्युअलवर काढ’ हा सल्ला हमखास मिळतो. विद्यार्थी डायल ‘एम’वर नेतो, मीटरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाची) खूण शून्यावर येईपर्यंत शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहील ते, फिरवतो आणि क्लिक करतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोला मिळणारा एकूण प्रकाश, मात्र ऑटोवर आलं असतं तेच येतं. मीटर तोच, त्याचं म्हणणंही तेच. कॅमेऱ्याऐवजी चाक आपण फिरवलं, इतकाच फरक.

म्हणून आधी मीटरचा स्वभाव ओळखायला हवा. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर पडलेला प्रकाश मोजत नाही. वस्तूवरून परावर्तित होऊन लेन्समधून आत आलेला प्रकाश मोजतो. समोरची वस्तू पांढरी आहे की काळी, हे त्याला कळत नाही. तो सगळ्याला मध्यम राखाडी धरून चालतो, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा पृष्ठभाग.

संक्रांतीची दुपार घ्या. अंगणात लख्ख ऊन. आजोबा पांढऱ्या धोतर-सदऱ्यात, शेजारी आजी काळ्या चंद्रकळेत. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं; आकडा लहान तितकं मोठं) एफ/८. दोघांवर ऊन सारखंच आहे, त्यामुळे योग्य शटर स्पीडही एकच: साधारण १/४०० सेकंद. पण फक्त धोतराने चौकट भरली, तर मीटर १/१६०० च्या आसपास सुचवेल आणि शुभ्र कापड मळकट दिसेल. फक्त चंद्रकळेने भरली, तर तो १/१०० कडे जाईल आणि काळा रंग विटका करडा होईल. दोन्हीकडे चूक सुमारे दोन स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), दिशा उलट. ऑटोवर असाल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेलं एक्सपोजर कमी-जास्त करायची सोय) पांढऱ्यासाठी अधिक करायचं, काळ्यासाठी उणे. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण ‘आधीच उजळ आहे, आणखी कशाला वाढवायचं?’ असं वाटतं. पण मीटरने ते उजळपण आधीच दाबलेलं असतं. आपण ते परत देतो.

हे १/४०० आलं कुठून? लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवलं, तर शटर स्पीड ‘एक भागिले आयएसओ’ ठेवायचा, हा फिल्मच्या काळापासूनचा नियम आहे. म्हणजे इथे १/१००. एफ/८ला दोन स्टॉप प्रकाश जास्त, म्हणून १/४००. दुसरा उपाय हाताशीच आहे. आपला तळवा त्याच उन्हात धरून स्पॉट मीटरिंगने (चौकटीचा फक्त छोटा भाग मोजून) वाचन घ्यायचं आणि एक स्टॉप प्रकाश वाढवायचा, कारण तळवा मध्यम राखाडीपेक्षा साधारण तेवढा उजळ असतो.

अशा पाठांतराचं मोल अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या एका फोटोत दिसतं. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ त्यांना चंद्रोदय दिसला, मावळतं ऊन कबरींच्या क्रूसांवरून सरकत होतं आणि मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरून हिशेब करून त्यांनी तो प्रसिद्ध फोटो टिपला. मॅन्युअल याला म्हणावं.

तरीही ऑटोला कमी लेखू नये. १९३८ च्या कोडॅक सुपर सिक्स-२० मध्ये सेलेनियमचा एक सेल एक्सपोजर ठरवत होता. १९८३ च्या निकॉन एफएने चौकटीचे पाच भाग वेगवेगळे मोजायला सुरुवात केली. आजचे कॅमेरे चेहराही ओळखतात आणि बऱ्याचदा बरोबर ठरतात.

माझ्या मते निवड प्रकाश पाहून करावी. प्रकाश स्थिर आणि कपडे, पार्श्वभूमी बदलती असेल, जसं स्टेजवरचं नाटक, तर मॅन्युअलवर एकदा नीट बसवावं आणि हात लावू नये. तेव्हा ऑटो आयएसओ बंद आहे ना, हे बघावं; ते चालू असेल तर ‘एम’वरही एक्सपोजर कॅमेराच ठरवतो. श्रावणासारखं क्षणात ऊन, क्षणात सावली असेल, तर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर आपलं, शटर स्पीड कॅमेऱ्याचा) लावून कॉम्पेन्सेशनच्या चाकावर अंगठा ठेवावा.