जुळी आहेत कळलं की आधी विचारा, वार एक का दोन?

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफी रिपोर्टवर खाली 'एमसीडीए' अशी चार अक्षरं होती आणि घरात कोणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही, कारण दोन ठोके आहेत ऐकूनच सगळे हरखून गेले होते. आईने देवापुढे साखर ठेवली, तिच्या सासूबाई म्हणाल्या जोडकेळं खाल्लं असशील गं कधीतरी, आणि मानपाड्याला त्यांच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटेल तो एकच विचारायचा, सेम टू सेम आहेत का? वार (प्लॅसेंटा) एक आहे का दोन हे कोणीच विचारलं नाही. आणि जुळ्यांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, पुढे तपासणीला किती वेळा जायचं, कशावर लक्ष ठेवायचं, डिलिव्हरी कितव्या आठवड्यात, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

जोडकेळ्याचं आधी संपवते. केळ्याचा काही संबंध नाही. एकाच महिन्यात दोन बीजं सुटली आणि दोन्ही फळली तर वेगवेगळी दिसणारी जुळी होतात, आणि हे आईच्या माहेरी जुळी असतील, वय पस्तिशीच्या पुढे असेल किंवा बीज वाढवायच्या गोळ्या नाहीतर आयव्हीएफ झालं असेल तर जास्त वेळा घडतं. सारखी दिसणारी जुळी मात्र एकाच बीजाची, फळल्यानंतर त्याचे दोन भाग होतात म्हणून, आणि हे जगात सगळीकडे साधारण हजार बाळंतपणांत तीन-चार वेळा होतं. ते का होतं हे अजून कोणाला नीट कळलेलं नाही.

आता वार. वार म्हणजे प्लॅसेंटा, ज्यातून आईच्या रक्तातलं अन्न आणि ऑक्सिजन नाळेवाटे बाळाला जातं. दोन बीजांच्या जुळ्यांना दोन वारा असतात. एका बीजाच्या जुळ्यांचं मात्र ते बीज कधी दुभंगलं त्यावर ठरतं. पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं तर दोन वारा आणि दोन पिशव्या, चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगलं तर वार एक पण पाण्याच्या पिशव्या दोन (हेच ते एमसीडीए), आणि त्याहून उशिरा झालं तर वारही एक आणि पिशवीही एक, त्यात नाळांचा गुंता व्हायची भीती असते म्हणून ती केस फार जपतात. सारख्या जुळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जुळ्यांच्याही दोन वारा असतात, त्यामुळे वारा दोन म्हणजे चेहरे वेगळे असं लोक धरून चालतात ते चूक आहे.

हे बघायची वेळ मात्र ठरलेली आहे, ११ ते १४ आठवडे, म्हणजे एनटी स्कॅनच्याच (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात त्या सोनोग्राफीच्या) वेळी. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे टेकतो तिथे दोन वारा असतील तर सोनोग्राफीत जाडसर त्रिकोण दिसतो, एक असेल तर पडदा पातळ आणि सरळ टी अक्षरासारखा टेकलेला दिसतो. पुढे तो त्रिकोण दिसेनासा होत जातो आणि शेजारशेजारच्या दोन वारा चिकटून एकच वाटू शकतात, म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना विचारा आणि फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. सोनोग्राफीच्या आधी एक फॉर्म भरून घेतात आणि भिंतीवर लिंग सांगत नाही अशी पाटी असते, ते १९९४ च्या कायद्यामुळे, आणि जुळ्यांनाही तोच नियम आहे, मुलगा-मुलगी विचारून त्या डॉक्टरांना अडचणीत आणू नका. वारेबद्दल मात्र दहा वेळा विचारा.

एक वार असली की एवढं काय मोठं? वारेच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, जवळजवळ प्रत्येक एका वारेच्या जुळ्यात असतात, आणि बहुतेक वेळा जेवढं रक्त इकडून तिकडे जातं तेवढंच तिकडून इकडे येतं. पण साधारण १०-१५ टक्के केसमध्ये हा हिशोब बिघडतो. एक बाळ देतच राहतं, त्याचं रक्त कमी पडतं, मग लघवी कमी होते, आणि गर्भातलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असल्यामुळे त्याच्या पिशवीतलं पाणी आटतं. दुसऱ्याकडे रक्त जास्त, त्याच्या हृदयावर ताण, लघवी जास्त, पिशवी टम्म. सोनोग्राफीत एकाकडे पाण्याची सगळ्यात खोल जागा २ सेंटीमीटरच्या खाली आणि दुसरीकडे ८ च्या वर दिसली की डॉक्टर लगेच हलतात, वेळेत सापडलं तर गर्भपिशवीत दुर्बीण घालून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. म्हणून एका वारेला सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी आणि दोन वारांना साधारण दर चार आठवड्यांनी. बहिणीला सुरुवातीला वाटलं डॉक्टर उगाच बोलावतायत, मला फोन करून म्हणाली ताई दर पंधरा दिवसाला काय बघतात गं, तेव्हा मी तिला कागदावर दोन पिशव्या काढून दाखवल्या. आता ती स्वतःच विचारते, दोघांचं पाणी किती आहे. मधल्या काळात पोट अचानक दोन-तीन दिवसात फुगलं, ताणलं आणि दम लागायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

रोजच्या जगण्याचं म्हणाल तर ती ऐरोलीला नोकरीला जाते, ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी नाहीतर पनवेल गाडी पकडायची. पाचव्या महिन्यापर्यंत गर्दीच्या आधीची गाडी पकडून गेली, नंतर पूल चढताना दम लागायला लागला म्हणून घरून काम मागून घेतलं. सासूबाईंचं म्हणणं होतं की जुळी आहेत तर झोपूनच राहायचं. त्यांची माया खरी आहे पण नुसतं झोपून राहिल्याने लवकर होणारी डिलिव्हरी थांबते असं अभ्यासात दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, जो गरोदरपणात आधीच जास्त असतो. डॉक्टरांनी काही वेगळं कारण सांगितलं नसेल तर रोज हळूहळू चालणं चांगलं, ती संध्याकाळी उपवनला तळ्याकाठी एक फेरी मारून येते.

खाण्यात तिघांचं खा म्हणून तिप्पट जेवायचं नसतं, साधारण ६०० कॅलरी जास्तीच्या पुरतात, म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि ग्लासभर दूध. ते एका ताटात मावत नाही कारण पोट वर ढकललेलं असतं, थोडं थोडं पाच-सहा वेळा खावं लागतं. लोहाकडे मात्र जुळ्यांत फार लक्ष द्यायला हवं, आईच्या अंगातलं रक्त पाण्यासारखं पातळ होत वाढतं आणि दोन बाळं त्यातून लोह खेचतात, हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की अॅनिमिया. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर नीट अंगी लागत नाही, लिंबू पिळलेलं पाणी चालतं. बहीण दोन महिने दोन्ही गोळ्या रात्री एकदमच घेत होती, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, दोन गोळ्यांची वेळ वेगळी केल्यावर पुढच्या रिपोर्टला हिमोग्लोबिन वर आलं.

साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देऊन दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातली शुगर. ही तपासणी पहिल्या भेटीला आणि परत २४ ते २८ आठवड्यात, दुसरी चुकवू नका. बीपीचा त्रास जुळ्यांत एका बाळापेक्षा बराच जास्त, म्हणून कित्येक डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची अॅस्पिरिन देतात, पण स्वतःहून नाही घ्यायची. १४०/९० च्या वर बीपी, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यासमोर चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, यात सकाळची वाट बघू नये. खर्चाचा प्रश्न असेल तर प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ही योजना २०१६ पासून आहे.

आणि जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आधीच येतात हे मनाशी धरूनच चालायचं. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की वेळेआधी कळा येणाऱ्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, आज आपल्याकडे बारा बारा तासांनी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं देतात ती त्याचसाठी. पण त्यासाठी आई वेळेत पोचायला हवी, आणि जिथे पोचणार तिथे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दोन काचेच्या पेट्या मिळतील का हे आधी विचारायला हवं. एका वारेची डिलिव्हरी साधारण ३६ आठवड्यांच्या सुमारास ठरवतात, दोन वारांची ३७-३८ ला. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर नॉर्मलही होऊ शकतं, जुळी म्हणजे सिझेरियनच असं नाही. आणि नोकरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २६ आठवड्यांच्या रजेतले ८ डिलिव्हरीआधी घेता येतात, पण ऑफिस ४० आठवड्यांची तारीख धरतं, म्हणून डॉक्टरांकडून ठरलेला आठवडा लिहून घ्या.

बहिणीला आता एकतिसावा आठवडा लागलाय, दोघांचं पाणी सारखं आहे, वजनात फार फरक नाही. दाराशी बॅग भरून ठेवलीय. हॉस्पिटल नौपाड्यात, तिच्या नवऱ्याने घरापासून गाडी काढून वेळ मोजली, रात्री दोनला अठरा मिनिटं आणि सकाळी नऊला कापूरबावडीपासून तीन हात नाक्यापर्यंतच अर्धा तास गेला. त्यामुळे ठरलंय की तासाभरात पाच-सहा वेळा पोट कडक झालं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं की आधी घरून निघायचं, फोन वाटेतून करायचा.