आधी आकार, मग रंग, मग मीठ : नौदलाच्या विमानांच्या मॉडेलांची पार्श्वभूमी

विमानांची मॉडेलं करणाऱ्यांत नौदलाची विमानं करणारे लगेच ओळखू येतात. त्यांचा निम्मा वेळ पंख मिटलेले दाखवायचे की उघडे यावर जातो आणि उरलेला राखाडीच्या दोन छटांमधला फरक दुसऱ्याला पटवण्यात. या छंदाला आजचं रूप टप्प्याटप्प्याने आलं. सुरुवातीला विमानाचा आकार बरोबर उतरला की भागत असे. मग रंगाचा आग्रह सुरू झाला. खाऱ्या हवेत त्या रंगाची जी दशा होते ती दाखवणं अगदी अलीकडचं. आणि या तिन्ही टप्प्यांवर छंदिष्टांच्या हौसेइतकाच नौदलांच्या हुकमांचाही हात आहे.

मापापासून सुरुवात करू. १/७२ हे माप फूट-इंचांच्या हिशोबातलं आहे. सहा फुटांना एक इंच, म्हणजे मॉडेलमधला वैमानिक जेमतेम इंचभर उंचीचा. ब्रिटनमध्ये १९३२ साली ‘स्कायबर्ड्स’ नावाने या मापाची लाकडी किट्स निघाली. १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ मालिकेत सेल्युलोज ॲसिटेटची किट्स आणली आणि प्लॅस्टिकच्या विमानांचं पर्व सुरू झालं. (फ्रॉगची आधीची मॉडेलं खरोखर उडायची, ही नुसती मांडून ठेवायची होती, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव.)

पण १/७२ ची मुळं घट्ट रुजली ती युद्धात. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने देशभरातल्या शाळांकडून लाकडाची पाच लाख विमानं मागवली. जहाजावरच्या तोफेमागे बसलेल्या खलाशाला येणारं विमान आपलं की शत्रूचं हे काही सेकंदांत ठरवावं लागे आणि त्याचा सराव कागदावरच्या चित्रांवरून होत नसे. १/७२ चं मॉडेल ३५ फुटांवर टांगलं की खरं विमान साधारण अर्ध्या मैलावरून दिसतं तेवढंच दिसतं. एका खोलीत आकाश उभं करायची ही सोय होती. मुलांनी नकाशाबरहुकूम लाकूड तासायचं, साच्याच्या पट्ट्या लावून बाक तपासायचा आणि वरून सरसकट काळा रंग द्यायचा. किती मॉडेलं पसंतीला उतरली त्यानुसार मुलांना मानद हुद्द्यांची प्रमाणपत्रं मिळत. पुढे शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने हीच ओळख-मॉडेलं काळ्या प्लॅस्टिकमध्ये ओतून काढली. जुन्या वस्तूंच्या बाजारात ती अजून सापडतात, बहुतेक वेळा पंख वाकलेल्या अवस्थेत, कारण ॲसिटेट काळाबरोबर आक्रसतं.

काळा रंग इथे महत्त्वाचा. दूरवरच्या विमानाचा रंग कळतच नाही, बाह्याकृती तेवढी दिसते. युद्धानंतरची किट्स पाहिली की हीच नजर त्यांत उतरल्यासारखी वाटते. पॉलिस्टायरिन हे प्लॅस्टिक आणि ते वितळवून साच्यात दाबायचं तंत्र, म्हणजे इंजेक्शन मोल्डिंग, आल्यावर १९५० च्या दशकात अमेरिकेत रेव्हेल, मोनोग्राम, ऑरोरा आणि ब्रिटनमध्ये एअरफिक्स या कंपन्यांनी धडाका लावला. एअरफिक्सचं पहिलं विमान, स्पिटफायर, १९५३ चं. अमेरिकी कंपन्यांना मापाचं सोयरसुतक नव्हतं. खोका ठरलेला, त्यात बसेल तेवढं विमान! खुणांच्या जागी प्लॅस्टिकवरच उंचवट्याच्या रेघा काढलेल्या असत. अमेरिकी विमानांची खूण असलेली चांदणी कुठे चिकटवायची हे मुलाला कळावं म्हणून. रंगवल्यावर ती रेघ डीकलखालून, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणेखालून, वर येई, पण तेव्हा कोणाची तक्रार नव्हती. मुलांना गंमत हवी होती. मोनोग्रामच्या १/४८ मापाच्या डॉन्टलेस या बॉम्बफेकी विमानाची चाकं आत घेता येत आणि बॉम्ब खरोखर सोडता येई.

नौदलाचं विमान जमिनीवरच्या विमानापेक्षा वेगळं दिसतं त्याला कारण विमानवाहू नौकेवरची अपुरी जागा. मागचा हूक, जाडजूड चाकांचे पाय आणि मिटणारे पंख हे सगळं तिथून आलं. यातली ग्रुमन कंपनीची गोष्ट मॉडेल करणाऱ्यांना विशेष आवडावी अशी आहे. पंख वर न उचलता मागे शरीरालगत कसे वळवायचे हा प्रश्न लेरॉय ग्रुमन यांनी टेबलावर सोडवला. खोडरबर म्हणजे विमानाचं धड आणि सरळ करून त्यात खुपसलेल्या कागदाच्या क्लिपा म्हणजे पंख. क्लिप कोणत्या कोनात खुपसली की पंख फिरून अंगालगत येतो, हे तो तार पुन्हा पुन्हा खुपसून सापडलं. हे बिजागर एफ४एफ-४ वाइल्डकॅटला लागलं तेव्हा ३८ फुटांचं विमान मिटल्यावर सुमारे १४ फुटांत मावू लागलं. किटमध्ये हेच बिजागर सर्वात नाजूक ठिकाण असतं. पंख उघडे ठेवून चिकटवायचे ठरवले तरी सांध्यावर पायरी राहते आणि पुट्टी भरून घासत बसावं लागतं. मिटलेले ठेवायचे तर कापलेल्या तोंडाशी दिसणाऱ्या बरगड्या, नळ्या, तारा दाखवाव्या लागतात. पितळेचे कोरीव पत्रे आणि रेझिनचे सुटे भाग विकणाऱ्यांचा धंदा बराचसा असल्या जागांवर चालतो.

आता रंग. १९३० च्या दशकातली अमेरिकी नौदलाची विमानं पाहिली तर ती युद्धासाठी बनली होती यावर विश्वास बसू नये. धड चंदेरी आणि वरच्या पंखाचा पृष्ठभाग झगझगीत क्रोम पिवळा. समुद्रात उतरावं लागलंच तर शोधणाऱ्याला वरून दिसावं, एवढाच त्यामागचा विचार. शेपटीचा रंग नौकेप्रमाणे: लेक्सिंग्टनचा पिवळा, साराटोगाचा पांढरा, रेंजरचा हिरवा, यॉर्कटाउनचा लाल, एंटरप्रायझचा निळा, वॉस्पचा काळा. इंजिनाभोवतीच्या झाकणाचा रंग तुकडीचा. एका तुकडीत तीन विमानं. म्होरक्याचं पूर्ण कडं रंगवलेलं, दुसऱ्याचा फक्त वरचा अर्धा भाग, तिसऱ्याचा खालचा अर्धा. म्हणजे नुसत्या रंगावरून विमान कोणत्या नौकेचं, कोणत्या तुकडीतलं आणि रांगेत कितवं हे वाचता येतं. दोन पंखी एफ३एफ रंगवताना जो आनंद मिळतो तो याच लिपीमुळे, आणि चूकही इथेच पकडली जाते: शेपटी लाल आणि स्क्वाड्रनचा आकडा एंटरप्रायझचा असं झालं की जाणकार लगेच बोट ठेवतात.

१९४० च्या अखेरीस हुकूम निघाला आणि ही रंगपंचमी संपली. सगळं फिकट राखाडी, वर्षभरात वरून निळसर राखाडी. मग मे १९४२ मध्ये चांदणीच्या मधला लाल ठिपका गेला, कारण गोळ्या झाडायच्या घाईत तो जपानी लाल वर्तुळासारखा वाटे. जून १९४३ मध्ये चांदणीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या आणि भोवती लाल कड आली. लाल पुन्हा घोटाळा करतंय म्हटल्यावर काही महिन्यांत कड निळी झाली. त्यामुळे विमान कोणत्या महिन्यातलं दाखवायचंय हे ठरवल्याशिवाय डीकलचा कागद पाण्यात बुडवू नये. लाल कडेची चांदणी थोड्याच काळापुरती होती. ती लावून त्याच विमानाला १९४५ च्या खुणा दिल्या तर सगळी मेहनत वाया.

१९४३ ची तिरंगी योजना ही माझ्या मते या छंदातली सर्वात सुंदर गोष्ट आहे, आणि सर्वात कटकटीचीही. वरून गडद समुद्री निळा, बाजूंना मध्यम निळा, पोट पांढरं. ऊन वरून पडतं आणि पोट सावलीत जातं, म्हणून वरचा भाग गडद आणि खालचा उजळ ठेवून आकार सपाट भासवायचा. पण खरी मेख पंखांत आहे. कोर्सेअरसारख्या लढाऊ विमानाच्या, वर उचलून मिटणाऱ्या पंखांची खालची बाजू पांढरी नसून मध्यम निळी असे, कारण डेकवर पंख मिटले की ती वरून उडणाऱ्याला दिसायची. अनुभवी हात मास्किंग टेप तिथे बिजागराच्या रेषेवर लावतात. घाईने रंगवलेल्या मॉडेलचं पोट मात्र टोकापासून टोकापर्यंत पांढरं असतं. १९४४ मध्ये लढाऊ विमानं सबंध चकचकीत गडद निळी झाली आणि टेपचं काम संपलं.

ब्रिटिश नौदलाने गडद सागरी राखाडी आणि करडा-हिरवा यांचे पट्टे वापरले, खाली ‘स्काय’ नावाचा फिकट हिरवट रंग. पुढे अणुस्फोटाच्या झळीपासून वाचायला सुरुवातीची बकनीअर विमानं पूर्ण पांढरी, खुणाही फिकट. रंगवायला सोपी वाटतात, पण पांढऱ्यावर बोटाचा ठसासुद्धा लपत नाही.

रंगांचे वाद मिटावेत म्हणून आधार मिळाला तो अमेरिकेच्या ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ या १९५६ च्या रंगपुस्तकाचा. पाच आकडी क्रमांकातला पहिला आकडा चमक सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ अर्धचकाकी, ३ मॅट. दुसरा आकडा रंगाचं कुळ. ६ म्हणजे राखाडी. म्हणून १६४४० आणि ३६४४० हा एकच ‘गल ग्रे’, चमक तेवढी वेगळी. हम्ब्रोल, टेस्टर्स आणि मागून आलेल्या जपानी, स्पॅनिश कंपन्यांनी आपल्या रंगांपुढे हे क्रमांक दिले आणि दुकानदारापुढे हातवारे करून छटा समजावायची पाळी टळली.

जपानी विमानांना असा क्रमांक नाही, म्हणून झीरो या जपानी नौदलाच्या लढाऊ विमानाचा रंग अजून वादात आहे. पर्ल हार्बरवर गेलेलं झीरो अनेक वर्षं किटच्या खोक्यांवर पांढरट राखाडी दाखवलं जाई. मग अवशेषांवरचे तुकडे आणि युद्धकाळातली जपानी कागदपत्रं तपासली गेली, त्यांत या रंगाचं वर्णन किंचित पिवळसर तपकिरीकडे झुकणारा राखाडी असं सापडलं. तुकडे तरी किती खरे? वार्निश पिवळं पडतं, रंग भुकटी होऊन उडतो, जमिनीत पुरलेला पत्रा वेगळा आणि घरात जपलेला वेगळा दिसतो. यापेक्षा भाग्यवान अमेरिकी विमानं. मिशिगन सरोवरात सरावाच्या नौकांवरून पडलेली विमानं गोड्या, थंड पाण्यात राहिली. मिडवेच्या लढाईत उडालेलं एक डॉन्टलेस १९९० च्या दशकात तिथून वर काढलं गेलं आणि आज ते पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात आहे.

तिसरा टप्पा १९८० च्या दशकातला. त्याआधी फँटम आणि टॉमकॅट या अमेरिकी नौदलाच्या जेट विमानांवर गल ग्रे आणि पांढरा, शेपटीवर कवट्या, नाकावर शार्कचे दात, सूर्यकिरणं. मग सगळं दोन ‘घोस्ट ग्रे’ छटांत बुडालं, चांदणीसुद्धा राखाडी झाली. मॉडेलवाले हिरमुसले, पण थोड्याच दिवसांत त्यांना दिसलं की ही विमानं एकरंगी राहतच नाहीत. खाऱ्या हवेत गंज धरला की खलाशी तेवढाच भाग घासतात आणि मिळेल त्या राखाडीने डागडुजी करतात. नौकेवर अख्खं विमान रंगवायला ना जागा असते ना वेळ. त्यावर बुटांचे ठसे, हायड्रॉलिक तेलाचे ओघळ आणि ग्रीस.

हे ठिगळकाम रंगवायचं तर एअरब्रशचा दाब कमी ठेवून रंग पातळ करतात आणि पत्र्यांच्या जोडांवर, झाकणांच्या कडांवर, स्क्रूंच्या रांगांवर एक-दोन थेंब पांढरा मिसळलेल्या मूळ रंगाचे वेडेवाकडे ठिपके मारतात. मग तोच रंग किंचित गडद करून दुसरीकडे. शेवटी मूळ छटेचा अगदी विरळ थर, म्हणजे ठिपके दबतात पण मरत नाहीत. तेलरंगाचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, त्यानंतर, तोही जपून. अलीकडे प्रत्येक पत्र्याची कड काळी करायची जी लाट आली आहे ती मला पटत नाही. खऱ्या हॉर्नेट जेटवर मळ पायऱ्यांपाशी, चाकांच्या दारांशी आणि रोज उघडल्या जाणाऱ्या झाकणांभोवती साचतो, बाकी पंख बऱ्यापैकी स्वच्छ असतो. नौकेवरून निघताना काढलेलं छायाचित्र आणि काही महिन्यांनी परततानाचं छायाचित्र शेजारी ठेवलं तर एकाच विमानाची दोन मॉडेलं होतील, म्हणून काम सुरू करण्याआधी छायाचित्राची तारीख बघावी.