फ्रेडी फेंडर

फेंडर, फ्रेडी : (४ जून १९३७ – १४ ऑक्टोबर २००६). अमेरिकेतील टेक्ससचे तेहानो व कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला प्रकार) गायक. मूळ नाव बाल्देमार गार्सा उएर्ता. जन्म मेक्सिकोच्या सीमेजवळच्या सॅन बेनिटो गावी, शेतमजुरांच्या घरी. टेक्ससमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना तेहानो म्हणतात. अकॉर्डियनवरच्या पोल्का (एक जलद नृत्यसंगीत) आणि स्पॅनिश प्रेमगीते यांवर त्यांचे संगीत पोसले आहे. बाल्देमार दहाव्या वर्षीच हार्लिंजेनच्या रेडिओवर गायले. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते मरीन दलात भरती झाले.

परतल्यावर १९५७ मध्ये ‘एल बीबॉप किड’ या नावाने त्यांनी एल्व्हिस प्रेस्ली यांचे ‘डोंट बी क्रूएल’ स्पॅनिशमध्ये गायले. ते मेक्सिकोतही गाजले. पुढे इंग्रजी श्रोत्यांसाठी त्यांनी नाव बदलले; ‘फेंडर’ हे आडनाव गिटारच्या कंपनीवरून घेतले. ‘वेस्टेड डेज अँड वेस्टेड नाइट्स’ हे गाणे जोर धरू लागले होते, तोच १९६० मध्ये लुइझियानात गांजा बाळगल्याबद्दल त्यांना अटक झाली. त्याच राज्यातील अँगोला नावाच्या तुरुंगात जवळजवळ तीन वर्षे गेली. गव्हर्नर जिमी डेव्हिस यांनी मध्यस्थी केल्याने त्यांची सुटका झाली. डेव्हिस स्वतः कंट्री गायक होते, हा योग विलक्षणच. पण गाडी रुळावर आली नाही. टेक्ससला परतून फेंडर मोटार मेकॅनिकचे काम करीत आणि शनिवार-रविवारी गात.

१९७४ मध्ये ह्यूस्टनचे निर्माते ह्यूई मो यांच्याकडे त्यांनी ‘बिफोर द नेक्स्ट टिअरड्रॉप फॉल्स’ ध्वनिमुद्रित केले. हे गाणे त्यांच्या आधीही काहींनी गायले होते. फेंडर यांनी त्यात एक कडवे स्पॅनिशमध्ये घातले, आणि माझ्या मते गाण्याचा प्राण तिथेच आहे. निघून चाललेल्या प्रेयसीला ‘गरज पडली तर मी आहेच’ असे सांगणारा तो किंचित थरथरता उंच स्वर स्पॅनिशमध्ये शिरताच मोकळा होतो; रडवेपणा कुठेच नाही. १९७५ मध्ये हे गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांपैकी आधी कंट्री आणि मग मे अखेरीस मुख्य यादीतही पहिले आले. कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातील सर्वोत्तम एकल गाण्याचा मान दिला. त्याच वर्षी जुन्या ‘वेस्टेड डेज’चे नवे ध्वनिमुद्रण कंट्री यादीत पहिले आणि मुख्य यादीत आठवे आले. लुइझियानाच्या ‘स्वॅम्प पॉप’ या संगीतप्रकाराची संथ, डुलती लय त्यात स्पष्ट ऐकू येते. ‘सीक्रेट लव्ह’ आणि ‘यू विल लूज अ गुड थिंग’ यांनीही कंट्री यादीत अव्वल स्थान मिळवले.

दशक संपता संपता हा बहर ओसरला. १९८८ मधील ‘द मिलाग्रो बीनफील्ड वॉर’ या चित्रपटात त्यांनी महापौराची भूमिका केली. पुढे डग साम, ऑगी मेयर्स आणि अकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेस यांच्यासह ‘टेक्सस टॉर्नेडोज’ हा चमू उभा राहिला. कंट्री, रॉक आणि सीमेवरचे मेक्सिकन संगीत एकाच मंचावर आणणाऱ्या या चमूला ग्रॅमी मिळाले. ‘ला म्युसिका दे बाल्देमार उएर्ता’ या स्पॅनिश अल्बमबद्दल फेंडर यांना स्वतंत्र ग्रॅमीही लाभले. २००२ मध्ये मुलीने त्यांना मूत्रपिंड दिले, २००४ मध्ये यकृताचे प्रत्यारोपण झाले. कॉर्पस ख्रिस्ती येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.