पहिलं तेल: जुन्या इंजिनाच्या रनिंग-इनमागची गोष्ट

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचं इंजिन बोअर करून (सिलिंडर आतून थोडं मोठं करून), नवे पिस्टन आणि रिंगा घालून बांधलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रनिंग-इनला, म्हणजे नवे भाग एकमेकांशी जुळेपर्यंत, तेल कुठलं घालायचं? जुने मिस्त्री सांगतात, साधं मिनरल (खनिज तेल) घाला आणि पाचशे किलोमीटरला काढून टाका. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण ते ज्या 'साध्या' तेलावर शिकले, ते तेलच आता बदललं आहे.

नव्या बांधलेल्या इंजिनाच्या मागण्या मुळातच परस्परविरोधी असतात. होनिंग केलेल्या, म्हणजे दगडाने घासलेल्या, बोअरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) नख फिरवलं तर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा हाताला लागतात. त्या रेघांचे कंगोरे रिंगांनी घासून काढायचे असतात, तेव्हाच रिंगा बसतात. तेल गरजेपेक्षा निसरडं असेल किंवा इंजिन नुसतंच आयडलवर (उभ्या गाडीत मंद चालू) ठेवलं, तर बोअरला चकाकी येते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन कायमचं तेल खात राहतं. म्हणून सुरुवातीला सिंथेटिक नको म्हणतात. इथे थोडी झीज हवी असते.

कॅम आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, यांचं नेमकं उलट: तिथे झीज नको. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट (कॅम असलेला दांडा) ब्लॉकमध्येच असतो आणि टॅपेटचे तळ सपाट. कॅमचं टोक त्या तळावर एका रेषेएवढ्या जागेत प्रचंड दाबाने घसरत जातं. टॅपेट स्वतःभोवती फिरत राहिला तर दाब सगळीकडे वाटला जातो. तो अडला की तळाला खळगा पडतो आणि कॅमचं टोक बघता बघता गोल होतं. म्हणून जाणकार मिस्त्री बांधणीच्या वेळी कॅमच्या प्रत्येक टोकावर काळी मॉलिब्डेनमची पेस्ट बोटाने चोपडतो, आणि इंजिन चालू होताच पहिली वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवतो. ब्लॉकमधल्या कॅमवर बरंचसं तेल फिरत्या क्रँकवरून उडून येतं, आणि आयडलवर ते पुरेसं उडत नाही.

त्या वीस मिनिटांत कॅमला जपणारा घटक म्हणजे झेडडीडीपी, तेलात मिसळलेलं झिंक आणि फॉस्फरसचं संयुग. गॅरेजच्या भाषेत नुसतं 'झिंक'. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला ते तेलात आलं ते वेगळ्याच कामासाठी: तेल लवकर खराब होऊ नये आणि बेअरिंग गंजून खाल्ली जाऊ नयेत म्हणून. घासणाऱ्या पृष्ठभागावर ते फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर तयार करतं आणि झीज रोखतं, हा त्याचा मोठा गुण नंतर लक्षात आला. १९५०च्या दशकात अमेरिकेत कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगांची मोठी व्ही-८ इंजिनं आली, कॅम झिजू लागले आणि झिंकला खरं महत्त्व मिळालं. पुढे काही दशकं ते चांगल्या पेट्रोल इंजिन तेलात असायचंच. मिस्त्रींचा सल्ला तेव्हा बिनचूक ठरायचा तो त्यामुळे.

मग धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले: अमेरिकेत १९७५च्या मॉडेलांपासून, आपल्याकडे एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांवर. जळालेल्या तेलातला फॉस्फरस कन्व्हर्टरवर साचून त्याला निकामी करतो. त्यामुळे फॉस्फरसवर मर्यादा आली. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या एसएच दर्जाच्या तेलांत ती ०.१२ टक्के होती, १९९६च्या सुमारास पुढच्या एसजे दर्जामध्ये ०.१० झाली आणि २००४मध्ये एसएममध्ये ०.०८. फॉस्फरस घटला की झिंकही घटतं. जुन्या गाड्यांवर माझा जीव आहे, तरी हा निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. शहरांची हवा त्याहून मोलाची. शिवाय नव्या इंजिनांत तोवर टॅपेटना फिरते रोलर बसू लागले होते, त्यांना एवढ्या झिंकची गरज उरली नव्हती.

फटका बसला तो जुन्या इंजिनांना. २०००नंतर अमेरिकेत नव्याने बांधलेल्या इंजिनांचे कॅम पहिल्या काही मिनिटांतच गेल्याच्या तक्रारी वाढल्या. सगळा दोष तेलाचा नव्हता, निकृष्ट कॅम आणि फार कडक स्प्रिंगाही त्यात होत्या. लोक जास्त झिंक असलेल्या, डिझेल इंजिनांच्या सीआय-४ दर्जाच्या तेलाकडे वळले. २००६मध्ये सीजे-४ या नव्या दर्जाने तिथेही मर्यादा आणली. खास रनिंग-इन तेलांची मागणी यातूनच वाढली: मिनरल, झिंक भरपूर आणि डिटर्जंट (मळ धुणारे घटक) कमी, कारण डिटर्जंटही धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी झिंकशी स्पर्धा करतात.

एक गोष्ट डबा घेताना बऱ्याचदा सुटते. फॉस्फरसची ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडसाठी होती. २०डब्ल्यू-५० हा जाड ग्रेड त्यात येत नाही. पण बंधन नाही म्हणजे झिंक आहेच असं नव्हे. कंपनीच्या माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा पाहावा. तो ०.१० ते ०.१२ टक्के असलेलं मिनरल २०डब्ल्यू-५० पद्मिनीला मी निःशंकपणे घालेन, कारण तिच्या स्प्रिंगा व्ही-८सारख्या कडक नाहीत. वर झिंकची बाटली ओतू नये. प्रमाण फार वाढलं तर ते उलट लोखंडालाच खातं.

मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये गेली. आता उरल्यात त्या हौसेने जपलेल्या गाड्या, आणि त्यांना चांगला कॅम मिळवायला वणवण करावी लागते. म्हणून पहिल्या अर्ध्या तासानंतर तेल गरम असतानाच काढा, पांढऱ्या थाळीत घ्या आणि उन्हात धरून तळाशी चुंबक फिरवा. चुंबकाला बारीक करडी पूड लागली तर ठीक. बोटांना टोचणारे कण लागले तर टॅपेट कव्हर उघडा आणि गाडी पुढे चालवण्याआधी कॅम तपासून घ्या.